रेंजवरचे शिसे आणि रक्ताची तपासणी: वाचकांचे प्रश्न

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक, प्रशिक्षक आणि स्वतः नेमबाज यांनी शिशाबद्दल विचारलेले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यावर उभी आहेत. एअर रायफलच्या रेंजवर शिसे मुख्यतः हातावरून तोंडात जाते. .२२ च्या, म्हणजे दारूच्या छोट्या काडतुसांच्या बंदुकांच्या, बंद रेंजवर ते मुख्यतः श्वासातून जाते. वाट वेगळी, म्हणून उपायही वेगळा.

प्रश्न: मुलगी तेरा वर्षांची आहे. आठ महिन्यांपासून १० मीटर एअर रायफल शिकते, रोज शंभर-सव्वाशे छर्रे मारते. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितले की शिसे अंगात जाते. पण एअर रायफलमध्ये दारू नसते, धूर नसतो. मग शिसे येते कुठून? (एक पालक, लातूर)

उत्तर: दारू नसते हे खरे, आणि म्हणूनच एअर रायफल .२२ पेक्षा पुष्कळ सौम्य आहे. पण छर्राच शिशाचा असतो. ४.५ मिलिमीटरचा एक छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. शंभर छर्रे म्हणजे रोज पन्नास ग्रॅम शिसे तिच्या बोटांतून जाते. शिसे मऊ, नखाने ओरखडा उठेल इतके. पाचशे छर्ऱ्यांचा डबा बॅगेत हिंदकळत येतो-जातो, छर्रे एकमेकांवर घासतात आणि तळाशी काळपट भुकटी साचते. डबा रिकामा झाला की तळावरून पांढरा टिश्यू पेपर फिरवून पाहा. मग सराव संपल्यावर मुलीचा अंगठा आणि तर्जनी पाहा. तोच काळसर, किंचित चकाकणारा थर दिसेल.

दुसरी जागा टार्गेटमागचा पेलेट ट्रॅप, म्हणजे छर्रे अडवणारी पेटी. छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने लोखंडी पत्र्यावर आदळतो, चपटा होतो, त्याचे बारीक कण उडतात आणि ट्रॅपच्या तोंडातून बाहेर पडून फरशीवर बसतात. कागदी टार्गेट बदलायला मुलेच पुढे जातात. मग ती धूळ बुटांना लागून फायरिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे नेमबाज उभा राहतो तिथपर्यंत, येते आणि तिथून घरी.

धातूच्या रूपातले शिसे धडधाकट कातडीतून जवळजवळ आत जात नाही. ते तोंडातून जाते. काही मुले पुढचा छर्रा ओठांत धरून ठेवतात, पटकन भरता यावा म्हणून. ही सवय असेल तर आजच मोडा, त्यात तडजोड नको. नखे कुरतडणे, दोन सीरिजच्या मधे बिस्किटे खाणे, त्याच हाताने पाण्याच्या बाटलीचे बूच उघडून तोंडाला लावणे, या बाकीच्या वाटा. प्रशिक्षकांसाठीही एक शब्द: मुलांना छर्रे वाटून झाल्यावर त्याच तळहातावर तंबाखू-चुना मळून तोंडात टाकणे म्हणजे शिसे थेट दाढेखाली ठेवणे.

पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या रक्तात साधारण दहावा हिस्सा उतरतो, लहान मुलांत निम्म्यापर्यंत. पोट रिकामे असेल तर मोठ्यांतही हे प्रमाण कितीतरी वाढते. म्हणून सकाळी सहाच्या बॅचला मुलगी नुसत्या चहावर जात असेल तर ते बदला. दूध-पोळी, अंडे, काहीतरी पोटात असू द्या. कडक उपास असेल त्या दिवशी छर्ऱ्यांचा सराव टाळून होल्डिंगचा, म्हणजे छर्रा न भरता रायफल स्थिर धरण्याचा, सराव करता येतो.

रेंजवर हे पाळायला सांगा. डबा तळहातावर पालथा करायचा नाही, छर्रे छोट्या ट्रेमध्ये घ्यायचे. छर्रा नेहमी एकाच हाताने भरायचा आणि तो हात चेहऱ्याला लावायचा नाही. रायफलचा चीक-पीस, जिथे गाल टेकतो, रोज ओल्या वाइपने पुसायचा. बोटांवरचे शिसे तिथे बसते आणि तिथून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन इंचांचेच अंतर असते. सराव संपला की वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायचे, निदान अर्धा मिनिट, नखांच्या कडा आणि मनगटासकट, आणि मग चेहरा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसे जागचे हलत नाही. शूटिंग जॅकेट बॅगेतच राहू द्या, गादीवर किंवा सोफ्यावर नको. आतले कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा, घरात रांगणारे मूल असेल तर नक्कीच.

आणि एकदा रक्त तपासून घ्या. म्युनिकच्या संशोधकांनी बव्हेरियातल्या बंद रेंजवरच्या नेमबाजांचे रक्त तपासले होते. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त एअरगन चालवणाऱ्यांत मधली पातळी दर डेसिलिटरला ३.३ मायक्रोग्रॅम निघाली, पण सर्वांत वरचा आकडा १२.७ होता. एअरगनबरोबर .२२ चालवणाऱ्यांत मधलीच पातळी ८.७ होती. एकाच खेळात एकाचे तीन आणि दुसऱ्याचे बारा निघते, यामागे सवयींचा आणि रेंजच्या साफसफाईचा मोठा हात असावा असे आमचे मत आहे. तुमच्या हातात असलेल्या गोष्टीही याच दोन.

प्रश्न: मी २४ वर्षांचा आहे, .२२ पिस्तूल आणि एअर पिस्तूल दोन्ही खेळतो. स्वतःहून तपासणी केली. रिपोर्टमध्ये '६२' आले आणि इंटरनेटवर वाचले की ५० च्या वर धोका. झोप उडाली आहे. शिवाय तपासणी बरोबर झाली का, हेही कळत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: आधी आकड्याच्या शेजारचे एकक वाचा. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत ते 'मायक्रोग्रॅम प्रति लिटर' आहे. डॉक्टरांची कोष्टके आणि इंटरनेटवरचे आकडे बहुधा 'मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर' मध्ये असतात. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणजे तुमचे ६२ हे ६.२ आहे. काही रिपोर्ट मायक्रोमोल प्रति लिटरमध्येही येतात. त्या आकड्याला २०.७ ने गुणले की डेसिलिटरचा हिशेब मिळतो.

६.२ म्हणजे विषबाधा नव्हे, पण सोडून देण्यासारखेही नाही. (इथून पुढचे रक्तातल्या शिशाचे सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठी ३.५ ही संदर्भ पातळी ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधून ती वाट बंद करायची. या आकड्यांखाली सगळे सुरक्षित असे कुणी म्हणत नाही. शिशाची सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही.

शिशाशी संबंध येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी तज्ज्ञ डॉक्टर ढोबळमानाने असा विचार करतात. ५ ते ९ असेल तर सवयी आणि रेंज सुधारायची. १० ते १९ असेल तर त्याबरोबर दर तीन महिन्यांनी तपासायचे. चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा २० किंवा जास्त आले, अथवा एकदाच ३० च्या वर आले, तर रेंज बंद. ५० च्या वर लक्षणे असतील तर औषधाचा विचार होतो, ८० च्या वर तो तातडीचा असतो आणि १०० च्या वर जिवाशी गाठ. मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ही शिडी लावायची नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक पायरी फार खाली असते.

'मला काही त्रास नाही' यावर विसंबू नका. ४० पर्यंत पुष्कळांना काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा ते थकवा, चिडचिड, झोप न लागणे, बद्धकोष्ठ, पोटात कळा, सांधे दुखणे, विसरभोळेपणा असे असते. यातले काहीही उन्हावर, परीक्षेवर किंवा पित्तावर ढकलता येते. रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडावर ताण येणे तर गुपचूप चालू असते.

आता तपासणी बरोबर झाली का ते. हवी ती तपासणी म्हणजे शिरेतून काढलेल्या पूर्ण रक्तातली शिशाची पातळी. चिठ्ठीवर 'ब्लड लेड, होल ब्लड' असे लिहून घ्या. रक्तातले ९९ टक्के शिसे तांबड्या पेशींत असते, त्यामुळे सीरम वेगळे करून तपासले तर उत्तर चुकते. बोटाला टोचून घेतलेला थेंब नेमबाजासाठी खात्रीचा नाही. बोटावरचेच शिसे थेंबात मिसळून आकडा फुगतो. तसा वाढीव आकडा आला तर शिरेतल्या रक्ताने पडताळून घ्यायचा. केस किंवा नखे तपासून काही कळत नाही. झिंक प्रोटोपॉरफिरिन ही तपासणी उशिरा वाढते आणि नुसत्या लोहाच्या कमतरतेनेही वाढते, म्हणून एकटी उपयोगाची नाही.

नमुना देताना रेंजवरून थेट जाऊ नका. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा. उपाशीपोटी जायची गरज नाही. सॅम्पल घेणाऱ्या केंद्राला आदल्या दिवशी फोन करून विचारा की सूक्ष्म धातूंसाठीची गडद निळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब आहे का. पुष्कळ ठिकाणी ती मागवावी लागते. रक्त घेतल्यावर ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. गुठळी झाली की नमुना बाद होतो. मराठवाड्यातले नमुने बहुधा मोठ्या शहरातल्या मुख्य प्रयोगशाळेत जातात, म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. त्यावर पद्धत लिहिलेली असते. आयसीपी-एमएस किंवा ग्रॅफाइट फर्नेस एएएस असेल तर चांगले. पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेत करा, म्हणजे तुलना करता येते. बरोबर हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. लोह कमी असेल तर आतडे शिसे जास्त ओढते, आणि आपल्याकडे मुलींत लोहाची कमतरता सर्रास आढळते.

रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते. म्हणजे रिपोर्ट तुमच्या गेल्या दोन-तीन महिन्यांबद्दल बोलतो. पण वर्षानुवर्षे साठलेले शिसे हाडांत बसते, तिथे ते दशके राहते आणि हळूहळू रक्तात परतते. त्यामुळे जुन्या नेमबाजाचा आकडा सराव थांबवूनही सावकाश उतरतो. तुम्ही रेंजवरचे बदल आज करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. ६.२ चे ४ झाले तर वाट सापडली. ९ झाले तर दोष रेंजच्या हवेत शोधा, त्यासाठी पुढचे उत्तर वाचा.

प्रश्न: आमच्या बंद हॉलमध्ये .२२ चाही सराव होतो. उन्हाळ्यात दोन मोठे कूलर आणि सीलिंग फॅन चालू असतात, हवा खेळती आहे. एवढे पुरे का? (एक प्रशिक्षक, नांदेड)

उत्तर: नाही. खेळती हवा आणि योग्य दिशेने वाहणारी हवा यांत फरक आहे, आणि तुमच्या वर्णनावरून दुसरी नाही.

.२२ च्या काडतुसाच्या कडेत जे प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा मसाला, असते त्यात बहुधा लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते. गोळी उघड्या शिशाची, अडीच ग्रॅमच्या थोडी वर. गोळी सुटली की प्रायमरचे शिसे धुरातून येते, गरम वायूने गोळीच्या बुडाचे आणि नळीत घासून कडेचे शिसे निघते. हे कण इतके बारीक असतात की फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि तिथे पोहोचलेले शिसे जवळजवळ सगळे रक्तात जाते. पोटाची गाळणी तिथे नसते.

हवा नेमबाजाच्या पाठीमागून यावी, त्याच्या अंगावरून सरळ टार्गेटकडे जावी आणि टार्गेटच्या टोकाला बाहेर ओढली जावी. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार फायरिंग लाइनवर हवेचा वेग सेकंदाला ०.३८ मीटर असावा, ०.२५ च्या खाली कधीच नसावा, आणि बाहेर ओढली जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा टक्के जास्त असावी. कूलर नुसती आत हवा लोटतो. बाहेर ओढणारे काही नसेल तर तीच शिसेभरली हवा ऑफिसात आणि कपडे बदलायच्या खोलीत शिरते. बाजूच्या खिडकीतला कूलर आणि डोक्यावरचा पंखा भोवरे करतात, धूर पुन्हा तोंडावर येतो. सीलिंग फॅन बंदच ठेवा.

तपासायला उदबत्ती पुरते. हॉल रिकामा करा, फरशी ओल्या पोछ्याने पुसून घ्या आणि काडतुसे बाहेर काढा. .२२ च्या रेंजवर न जळलेली दारू फरशीवर साठते आणि ठिणगीने पेटते, म्हणून ही तयारी टाळू नका. मग जिथे नेमबाज उभा राहतो तिथे नाकाच्या उंचीवर उदबत्ती धरा. धूर आठ सेकंदांत तीन मीटर पुढे सरळ गेला तर वेग ठीक. घुटमळला, वर गेला किंवा मागे वळला तर शिसेही तसेच वळते. हीच परीक्षा गुडघ्यांच्या उंचीवर आणि प्रत्येक लेनमध्ये करा. कोपऱ्यातल्या लेन बहुधा नापास होतात. एक्झॉस्टचे तोंड शेजारच्या खिडकीकडे किंवा कूलरच्या मागे नको. आम्हाला विचाराल तर, हे होईपर्यंत बंद हॉलमधला .२२ चा सराव थांबवा आणि फक्त एअरचा चालू ठेवा. एन-९५ मास्क तात्पुरता आधार आहे, कापडी मास्क किंवा रुमाल काहीच नाही.

आणि हॉल कोण झाडते? झाडूने बसलेले शिसे पुन्हा हवेत उडते, आणि झाडणाऱ्या मावशींच्या नाकात नेमबाजापेक्षा जास्त जाऊ शकते. झाडू आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही बंद करा. दोन बादल्या घ्या, एक साबणाच्या पाण्याची, एक पोछा पिळायची. टार्गेटच्या बाजूने आधी नाही, फायरिंग पॉइंटपासून टार्गेटकडे पुसत जायचे. मावशींना हातमोजे आणि मास्क द्या, आणि रक्त तपासायची वेळ येईल तेव्हा यादीत पहिले नाव त्यांचे आणि तुमचे असू द्या. मुले दोन तास असतात, तुम्ही दोघे दिवसभर. त्याच हॉलमध्ये संध्याकाळी योगवर्ग किंवा बालवर्ग भरत असेल तर ते दुसरीकडे हलवा.

प्रश्न: कॉलेजच्या एनसीसी कॅडेटना वर्षातून काही वेळा .२२ चे फायरिंग असते. पालकांना काय सांगू? (एक प्राध्यापक, परभणी)

उत्तर: उघड्या रेंजवर वर्षाला मोजक्या गोळ्या, एवढ्याने काळजी करण्याजोगे शिसे जात नाही, तपासणीचीही गरज नाही. फक्त रिकामे खोके, म्हणजे उडालेल्या काडतुसांची नळकांडी, टोपीत किंवा खिशात गोळा करू देऊ नका, त्यांच्या आत प्रायमरची काजळी असते. डब्यात टाकायला लावा. आणि नाश्त्याचे पाकीट हातात देण्याआधी पाण्याचा पिंप आणि साबण ठेवा.

प्रश्न: मी एअर पिस्तूल खेळते, गरोदर आहे, तिसरा महिना चालू आहे. डॉक्टरांनी 'हलका व्यायाम चालेल' म्हटले. सराव चालू ठेवू का? (जालना)

उत्तर: ताई, बाळंतपण होईपर्यंत रेंजवर जाऊ नका. प्रश्न श्रमाचा नाही. आईच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत जाते, आणि गरोदरपणात हाडे कॅल्शियम सोडतात तेव्हा आधी साठलेले शिसेही बरोबर सुटते. तुम्ही खेळता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि शिरेतल्या रक्ताची तपासणी आताच करून घ्या. ५ किंवा जास्त आले तर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांबद्दल त्यांच्याशी बोला, त्या चुकवू नका. यजमानही खेळत असतील तर त्यांनी कपडे आणि बूट रेंजवरच बदलावेत. घरी कोरडा सराव, म्हणजे छर्ऱ्याशिवाय, तुम्हाला करता येईल. त्याआधी पिस्तूल दुसऱ्या कुणीतरी ओल्या कापडाने पुसून द्यावे.

प्रश्न: क्लबमधले काही जण शिसे काढायला 'डिटॉक्स' सलाईन घेतात, काही जण भस्म घेतात. चांगले कोणते? (बीड)

उत्तर: दोन्ही नकोत. शिसे बांधून लघवीवाटे काढणारी औषधे आहेत, पण ती फार वरच्या पातळीसाठी, रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. मुलांत साधारण ४५ च्या वर त्यांचा विचार होतो. ही औषधे शरीराला लागणारे धातूही काढतात. सलाईनमध्ये कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए ऐवजी नुसते डायसोडियम ईडीटीए गेले तर रक्तातले कॅल्शियम कोसळून हृदय थांबते. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान असे तीन मृत्यू नोंदले गेले. आधी हे औषध देऊन मग लघवी तपासणारे आणि 'बघा किती शिसे' म्हणणारेही भेटतात. औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीतले शिसे वाढते, त्यावरून निदान होत नाही.

भस्मांबद्दल: नागभस्म शिशापासूनच करतात. ज्याचे रक्त आधीच शिशाने वाढलेले आहे त्याने ते घेऊ नये. कुठलेही रसौषध (धातू किंवा पारा घालून केलेले आयुर्वेदिक औषध) चालू असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. आकडा रेंजच्या मानाने फार मोठा आला तर घरात पाहा: भेसळीचा शेंदूर किंवा कुंकू, सुरमा, सुटी फार पिवळी हळद, जुना रंग खरवडणे, घरी किंवा शेजारी बॅटरी फोडण्याचे काम. रेंजला दोष देऊन खरे कारण घरात राहून जाते.

आहाराने शिसे बाहेर पडत नाही, पण आत जाणे कमी होते. दूध-दही, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या आणि त्यांबरोबर लिंबू किंवा आवळा. वेळेवर जेवण हे यातले सर्वांत मोठे.

प्रश्न: ट्रॅपमधले वापरलेले छर्रे भंगारात द्यावेत की वितळवून मासेमारीच्या गळाची वजने करावीत? एक जण घरी करून देतो म्हणतो. (हिंगोली)

उत्तर: वितळवू नका आणि त्या गृहस्थांनाही करू देऊ नका. शिसे ३२७ अंशांवरच वितळते, म्हणून चुलीवर सोपे वाटते. पण वर येणारी राखाडी साय काढताना तिची भुकटी उडते, आच वाढली की वाफ होते आणि ती भांड्यांवर, धान्यावर, अंगणात खेळणाऱ्या मुलांवर बसते.

वीस मुले रोज शंभर छर्रे मारत असतील तर दिवसाला एक किलो, महिन्याला पंचवीस किलो शिसे जमते. दर आठवड्याला ट्रॅप रिकामा करा, साठले की नवे छर्रे जुन्यांवर आदळून जास्त भुकटी होते. आधी पाण्याचा बारीक फवारा मारा, हातमोजे आणि एन-९५ घाला, छर्रे ट्रेसकट अलगद छोट्या, जाड, झाकणाच्या बादलीत ओता. मोठी बादली भरली तर उचलताना बूड निसटते. बादलीवर 'शिसे' असे ठळक लिहा आणि कुलपात ठेवा. फिरत्या भंगारवाल्याला देऊ नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या शिसे-पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या, वजनाची पावती घ्या आणि ती रेंजच्या फाइलला लावा.